यंत्राची दमछाक मोजा: छोट्या ब्रुअरीत नोंदी ठेवायला सुरुवात कशी करावी

आमच्या ५०० लिटरच्या ब्रुअरीत एका वर्षी फेब्रुवारीपासून गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "ही बिअर आधीपेक्षा कडू लागते." आम्ही हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) नवा लॉट दोषी ठरवला, मात्रा कमी केली, पुरवठादाराशी भांडून झालं. कडवटपणा काही हटेना. शेवटी कुणीतरी सहज विचारलं, "वर्ट थंड करायला हल्ली किती वेळ लागतो?" वर्ट म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा, तोच आंबून बिअर होते. कुणालाच सांगता येईना. जुनी ब्रू शीट्स काढली. उकळणं संपल्याची आणि फर्मेंटर (वर्ट आंबवायची टाकी) भरल्याची वेळ त्यांवर होती, पण मधला फरक कुणी काढला नव्हता. ऑक्टोबरात ३८ मिनिटं, फेब्रुवारीत ६२. दर ब्रूला, म्हणजे दर खेपेला, मिनिटभरापेक्षाही कमी वाढ, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. तेवढा जास्त वेळ हॉप्स गरम वर्टमध्ये राहत होते आणि कडवटपणा सोडत होते.

पॅनलवर मात्र शेवटपर्यंत १९ अंशच दिसत होतं. कारण आमचा ऑपरेटर हुशार. एक्स्चेंजर (गार पाण्याने वर्ट थंड करणारं प्लेट्सचं यंत्र) चोंदत गेला तसतसा तो व्हॉल्व्ह आवळून प्रवाह हळू करायचा आणि तापमान बरोबर आणून द्यायचा. चांगला माणूस यंत्राचा दोष स्वतःच्या हाताने झाकतो, तेही आपण काही झाकतोय हे न कळता. तेव्हापासून मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो: निकाल लिहितोसच, त्यासोबत तो निकाल आणायला यंत्राला किती धापा टाकाव्या लागल्या तेही लिही. म्हणजे वेळ, अँपिअर, चालू तास.

मी मूळचा मशीन शॉपच्या मेंटेनन्समधला, बिअर नंतर शिकलो. खालचं सगळं ३०० ते १००० लिटरच्या, तीन-चार माणसांच्या ब्रुअरीसाठी आहे. बाटल्या भरायची मोठी लाइन असेल तर तुमचा मार्ग वेगळा.

आधी हे जमवा

मोजायला:
- २०० पानी जाड पुठ्ठ्याची वही आणि दोरीने बांधलेलं पेन. दोरीची थट्टा करू नका, पेन हरवलं की नोंद हरवते.
- पॅनलपासून स्वतंत्र, चांगला डिजिटल थर्मामीटर
- टाँग टेस्टर (वायरीला चिमटा लावून अँपिअर मोजायचा)
- २० अंशांना बेतलेला हायड्रोमीटर (वर्टची घनता मोजायचा) आणि उंच सिलिंडर
- पीएच मीटर, सोबत ४ आणि ७ ची बफर द्रावणं
- ग्लायकॉलची (टाक्या गार ठेवणाऱ्या, सहज न गोठणाऱ्या द्रवाची) तीव्रता पाहायचा रिफ्रॅक्टोमीटर
- ब्रूहाउसच्या पाण्याच्या लाइनवर मीटर, चिलरला (ग्लायकॉल गार करणाऱ्या यंत्राला) विजेचा वेगळा सब-मीटर आणि तासमापक
- फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), २० लिटरची बादली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच

कागदपत्रं, एकाच फाइलमध्ये:
- प्रत्येक यंत्राचं मॅन्युअल आणि नेमप्लेटचा फोटो
- पॅनलचं वायरिंग ड्रॉइंग. पॅनलवाल्याकडून पहिल्याच महिन्यात मागून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.
- टाक्यांचे प्रेशर टेस्टचे दाखले, सेफ्टी व्हॉल्व्हचे दाखले, वाफेचा बॉयलर असेल तर त्याच्या तपासणीचं प्रमाणपत्र
- वजनकाट्याचं वैधमापन विभागाचं प्रमाणपत्र
- माल्टच्या प्रत्येक लॉटचा विश्लेषण अहवाल. पोत्यासोबत येत नाही, मागावा लागतो.

१. यंत्रांना नावं द्या

एका दुपारचं काम. गिरणी, मॅश टन (दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवायचं भांडं; ते भिजवलेलं म्हणजे मॅश), केटल (वर्ट उकळायचं भांडं), पंप, एक्स्चेंजर, चिलर, प्रत्येक फर्मेंटर, प्रत्येक ब्राइट टँक (तयार बिअरची टाकी), कॉम्प्रेसर. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि तो ऑइल पेंटने यंत्रावर लिहा. स्टिकर कॉस्टिकपुढे (धुण्याच्या कॉस्टिक सोड्यापुढे) टिकत नाही.

फसगत होते ती पंपांत. छोट्या ब्रुअरीत ट्रॉलीवरचा पंप आज केटलला, उद्या सीआयपीला (टाक्या न उघडता आतून धुवायला), परवा टाकीतून टाकीत. जागेला क्रमांक दिलात तर सहा महिन्यांनी "केटलच्या पंपाचं" सील तीनदा गेलेलं दिसेल आणि प्रत्यक्षात ते तीन वेगळे पंप असतील. क्रमांक पंपाचा असतो, जागेचा नाही.

२. यंत्राआधी मापं तपासा

ही पायरी सगळे गाळतात. खोट्या मापाने वर्षभर इमानदारीत नोंदी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

*तापमान.* कुटलेला बर्फ ग्लासात गच्च भरा, त्यात थोडं पाणी घाला, ढवळा, दोन मिनिटांनी प्रोब बुडवा. शून्य यायला हवं. वरचं टोक उकळत्या पाण्यात तपासा, पण इथे एक गंमत आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे पाणी इथे १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. आमच्याकडे एका तंत्रज्ञाने प्रोब उकळत्या पाण्यात धरून पॅनलवर १०० यावं म्हणून दोन अंश वाढवून ठेवले होते. मॅश ६७ ला आहे असं आम्ही समजत होतो, होती ६५ ला. बिअर पातळ, कोरडी व्हायची आणि आम्ही यीस्टला शिव्या घालायचो. मुंबईत किंवा गोव्यात किनाऱ्यालगत असाल तर १०० चालेल. नाशिक, पुणे, कोल्हापूर, बंगळुरू इथे आपापल्या उंचीचा आकडा काढा. दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी, एवढा अंदाज पुरतो.

*लिटर.* केटलच्या काचेच्या नळीवरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. मीटर लावून, किंवा २० लिटरची बादली काट्यावर तोलून, ५०-५० लिटर पाणी ओता आणि स्टीलच्या पट्टीवर खुणा करा. शिवाय उकळतं वर्ट थंड होताना सुमारे ४% आकसतं. गरम ५२० लिटर म्हणजे थंड ५०० लिटर. वहीत प्रत्येक लिटरपुढे "ग" किंवा "थं" लिहायची सवय लावा. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नोंदवह्या वेगळ्या असतात आणि त्या तुम्हाला ठेवाव्याच लागतात. तिथले लिटर आणि तुमच्या वहीतले लिटर याच एका अक्षरापायी जुळत नाहीत, मग २० लिटर कुठे गेले याचं उत्तर देत बसावं लागतं.

*हायड्रोमीटर.* नमुना २० अंशांना आणूनच बुडवा. ४० अंशांच्या वर्टमध्ये १.०४८ चं वाचन साधारण १.०४२ दिसतं. घाईत घेतलेलं एक वाचन पुरी ब्रू बदनाम करतं. रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल तर तो फर्मेंटेशन सुरू होईपर्यंतच. अल्कोहोल आलं की त्याचं थेट वाचन धरू नका.

*पीएच मीटर.* दर ब्रूच्या सकाळी बफरला लावा. प्रोब डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका, त्यासोबत येणाऱ्या द्रावणातच ठेवा.

३. निरोगी दिवसाचे आकडे घ्या

सर्व्हिसिंग आणि पूर्ण सीआयपी झाल्यावर, बिअर नसताना, साध्या पाण्यावर एक दिवस काढा. मालक म्हणेल, एक दिवस फुकट गेला. जाऊ द्या. पुढच्या दोन वर्षांची तुलना याच दिवसाशी होणार आहे. ब्रोशरमधले आकडे कारखान्यातले असतात. तिथलं पाणी, हवा, व्होल्टेज तुमच्याकडे नाही.

केटल पाण्याने भरून ७५ वरून उकळीपर्यंत किती मिनिटं लागली, प्रत्येक पंपाचे तिन्ही फेजचे अँपिअर, एक्स्चेंजरमधून पूर्ण उघड्या व्हॉल्व्हला मिनिटाला किती लिटर, एका फर्मेंटरमधलं पाणी २० वरून १५ ला यायला किती वेळ: हे सगळं पहिल्या पानावर लाल पेनने लिहा.

केटलचा हिशेब नमुन्यादाखल करून दाखवतो, कारण त्यातून सवय कळते. ५६० लिटर, ७५ वरून ९८ पर्यंत म्हणजे २३ अंश. ५६० गुणिले २३, सुमारे १२,९०० किलोकॅलरी. ८६० ने भागा (एक युनिट विजेत एवढ्या किलोकॅलरी): १५ युनिट. १० किलोवॅटचे तीन हीटर असतील तर ३० मिनिटं लागायला हवीत, थोडी उष्णता बाहेर जाते म्हणून ३३ ते ३५ धरा. एक हीटर गेला तर हाच वेळ ४५ च्या पुढे जातो. केटल उकळते तर खरी, म्हणून कुणी तक्रार करत नाही. टाँग टेस्टर लावलात तर एका मिनिटात कळतं: ४१५ व्होल्टवर १० किलोवॅटच्या थ्री-फेज हीटरला प्रत्येक वायरीत सुमारे १४ अँपिअर हवेत. एकीत शून्य आणि बाकीच्या दोन्हींत कमी दिसले तर एक फेज तुटलाय. हीटरची एक तार जळली तरी चित्र बिघडलेलंच दिसतं. आकडे सारखे नसतील तर उघडून पाहा.

४. ब्रूच्या दिवसाचं एक पान

सुरुवातीला मी ४० रकान्यांचा तक्ता केला होता. तिसऱ्या आठवड्यात त्यात एवढेच आकडे खरे उरले: तारीख आणि ब्रू क्रमांक. आता पान असं आहे:

- गिरणी: किती किलो, किती मिनिटांत, रोलरमधली फट
- मॅशचं तापमान, सुरुवातीचं आणि शेवटचं, स्वतंत्र थर्मामीटरने
- गाळायला लागलेली मिनिटं
- उकळीला यायला लागलेली मिनिटं
- उकळण्याआधीचे आणि नंतरचे गरम लिटर
- थंड करायला लागलेली मिनिटं. आत येणाऱ्या पाण्याचं तापमान
- फर्मेंटरमधले थंड लिटर आणि घनता
- दिवसभरात वापरलेलं पाणी
- "आवाज-वास"

शेवटचा रकाना आमच्याकडच्या हेल्परमुळे आला. एकदा तो म्हणाला, "दादा, दोन नंबरचा पंप गातोय." मी कान दिला नाही. आठ दिवसांनी बेअरिंग गेलं, तेही वर्ट वळवताना मधेच. तेव्हापासून कुणी काहीही म्हणालं की ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. "गातोय", "चिलरला धाप लागलीय", "चोथ्याला आंबूस वास". मीटरला जे कळत नाही ते रोज तिथे उभ्या असलेल्या माणसाला कळतं.

आता उतारा, म्हणजे माल्टमधल्या साखरेपैकी किती आपल्या हाती लागली. २५ किलोची चार पोती, १०० किलो माल्ट. अहवालात कोरड्या वजनावर ८०% अर्क आणि ४.५% ओल लिहिली आहे, म्हणजे हाती येऊ शकणारा अर्क ७६.४ किलो. फर्मेंटरमध्ये थंड ५०० लिटर, घनता १.०४८, म्हणजे साधारण १२ प्लेटो (वर्टच्या वजनात १२% अर्क). ५०० गुणिले १.०४८ म्हणजे ५२४ किलो वर्ट, त्याचे १२% म्हणजे ६२.९ किलो. ६२.९ भागिले ७६.४: ८२%. हेच ५०० लिटर तुम्ही केटलमध्ये गरम मोजले असतील तर खरे ४८० आणि उतारा ७९%. तीन टक्के असे नुसते हवेत जातात.

उतारा घसरला की घाबरून गिरणी आवळू नका. हा नवख्यांचा सगळ्यात आवडता उद्योग. रोलर जवळ आणले की पीठ जास्त होतं, गाळणी तुंबते, आणि आता दोन दुखणी होतात. क्रम असा ठेवा: आधी हायड्रोमीटरच्या नमुन्याचं तापमान, मग लिटर "ग" की "थं", मग वजनकाटा, मग माल्टचा लॉट बदलला का, मग मॅशचं तापमान. एवढं झाल्यावर फीलर गेज घ्या. आमच्या दोन रोलरच्या गिरणीला १.२ मिलिमीटर मानवतं, तुमची वेगळी असेल. फट दोन्ही टोकांना मोजा, कारण एका बाजूचं बेअरिंग झिजलं की एका टोकाचे दाणे अख्खे पडतात. चोथा गोठ्यावर नेणारा माणूसच आम्हाला एकदा म्हणाला होता, "यंदा दाणे साबुत येतायत, म्हशी खूश आहेत." त्याचं बोलणं थेट "आवाज-वास" मध्ये गेलं आणि ते खरं निघालं.

उकळताना तासाला किती टक्के पाणी उडतं तेही पाहा. ५६० चे ५२० झाले तर ७%. तेच ५ वर आलं तर हीटरवर क्षार चढलेत किंवा एखादा हीटर गेलाय. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांना हे लवकर भेटतं.

५. एक्स्चेंजर: इथे जास्त वेळ द्या

छोट्या ब्रुअरीत सगळ्यात जास्त फसवणारं यंत्र हेच. बाहेरून चकचकीत, आतून हॉप्स आणि प्रथिनांचा तपकिरी लेप.

नुसती मिनिटं मोजणं पुरत नाही, कारण पाणी बदलतं. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंश असतं, मे महिन्यात ३० च्या वर. मे मध्ये वेळ वाढला तर दोष एक्स्चेंजरचा की उन्हाचा? म्हणून वर्ट आणि पाणी यांच्या तापमानांतला फरक मोजा. आमच्याकडे दोन टप्पे आहेत, पहिला साध्या पाण्याचा, दुसरा चिलरच्या गार पाण्याचा. दोन्हींच्या मधल्या जागी थर्मामीटर नसेल तर बसवून घ्या, त्याच्याइतकी उपयोगी दुसरी खरेदी नाही. पहिल्या टप्प्यातून बाहेर पडणारं वर्ट वजा आत येणारं पाणी: निरोगी दिवशी आमचा फरक ४ अंश होता. त्याच प्रवाहाला तो ९ झाला की लेप चढला असं समजायचं, मग महिना कोणताही असो. "त्याच प्रवाहाला" हे शब्द महत्त्वाचे. वर्टचा आणि पाण्याचा, दोन्ही प्रवाह ठरलेल्या खुणेवर ठेवूनच हे वाचन घ्या, म्हणजे ऑपरेटरचा हात त्यात मिसळत नाही.

फरक वाढला तर:

अ) दर ब्रूनंतर लगेच, वाळायच्या आत, उलट दिशेने गरम पाणी सोडा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर लेप शिजून चिकटतो.

आ) तेवढ्याने फरक कमी झाला नाही तर २% कॉस्टिक, ७५ अंशांच्या आसपास, उलट दिशेने. पाण्याच्या बाजूला क्षार असतील तर तिथे कॉस्टिकचा उपयोग नाही, ॲसिड लागतं. कोणतं ॲसिड आणि किती, ते प्लेटच्या आणि गास्केटच्या मॅन्युअलनुसार.

इ) तरीही नाही, तर उघडा. नट सैल करण्याआधी पुढच्या आणि मागच्या जाड पाट्यांमधलं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहा, आणि बंद करताना नेमकं तेवढंच आवळा. प्लेट्सवर मार्करने तिरकी रेघ ओढून ठेवा म्हणजे क्रम आणि दिशा चुकत नाही. आम्ही पहिल्यांदा "गळू नये म्हणून" जास्त आवळला आणि दोन प्लेट्स चेपल्या. गास्केटचा एक संच हाताशी असल्याशिवाय उघडूच नका.

६. चिलर: उन्हाळ्याआधी

नेमप्लेटवर "५ टन" लिहिलं म्हणून पाच टन मिळत नाहीत. तो आकडा बहुतेक वेळा कोमट तापमानाच्या पाण्यासाठी दिलेला असतो. ग्लायकॉल उणे ३ ला चालवलंत की क्षमता बरीच घटते. विकत घेतानाच विचारा: "माझ्या ग्लायकॉलच्या तापमानाला, ४० अंशांच्या हवेत किती?"

अंदाजासाठी: १००० लिटर बिअर २० वरून २ ला आणायची म्हणजे १८,००० किलोकॅलरी काढायच्या. एक टन म्हणजे तासाला ३,०२४. म्हणजे खरा एक टन पूर्ण त्या टाकीला मिळाला तर सहा तास. बाकीच्या टाक्यांचं फर्मेंटेशन चालू असेल, तर त्यांचाही वाटा धरा. एका दिवशी दोन टाक्या गार करायला घेऊ नका, एवढं तरी या हिशेबातून कळतं.

रोज सकाळी एकाच वेळी चार गोष्टी लिहा: ग्लायकॉल जाताना किती अंश, येताना किती, तासमापकाचा आकडा, बाहेरची हवा. कॉम्प्रेसर कालपासून किती तास चालला, हीच चिलरची दमछाक. तेवढ्याच टाक्या असताना ९ तासांचे १४ झाले तर काहीतरी बिघडतंय, टाक्यांचं तापमान बरोबर दिसलं तरी. आमचे एप्रिलमध्ये असेच वाढत गेले. आम्ही उन्हाला दोष दिला. मग एका रविवारी चिलर हाय प्रेशरवर ट्रिप झाला आणि सोमवारी सकाळी एक टाकी २७ अंशांना, आत गव्हाची बिअर. कंडेन्सरच्या (चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जाळीवर गिरणीतल्या माल्टच्या धुळीचा आणि शेजारच्या बांधकामातल्या सिमेंटचा थर होता. फुंकणी मारून अर्ध्या तासात साफ झालं. आता मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी जाळी, आणि गिरणीची धूळ तिकडे जाऊ नये म्हणून मधे पडदा.

ग्लायकॉल फूड-ग्रेड प्रॉपिलीन, आमच्याकडे ३५%. पातळी कमी दिसली की कुणीतरी नुसतं पाणी ओततं, हे गृहीत धरा. पातळ झालं की इव्हॅपोरेटरमध्ये (चिलरच्या ग्लायकॉल गार करणाऱ्या भागात) बर्फ धरतो आणि चिलर चालू असून टाक्या गार होत नाहीत. महिन्याला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर.

एक सोपी ओळख: एकच टाकी गरम होत असेल तर तिचा सोलेनॉइड (ग्लायकॉल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) किंवा प्रोब पाहा. सगळ्याच गरम होत असतील तर चिलर किंवा ग्लायकॉलचा पंप.

७. पंप आणि वीज

महिन्यातून एकदा, तेच काम चालू असताना, तिन्ही फेजचे अँपिअर. वाढले तर बेअरिंग, सील, किंवा आत काहीतरी घासतंय. कमी झाले तर नवखा माणूस खूश होतो, वीज वाचली म्हणून. सेंट्रिफ्यूगल पंप कमी अँपिअर घेतोय म्हणजे तो पाणी ढकलत नाही: पुढे तुंबलंय, मागे हॉप्सने जाळी भरलीय किंवा पंप कोरडा फिरतोय. कोरडा फिरला की सील जळतं, आणि ते जळायला फार वेळ लागत नाही.

सिंगल फेजिंगचा (तीनपैकी एक फेज जाण्याचा) अनुभव शेतावर मोटर असलेल्या प्रत्येकाला आहे. तोच प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटर बंद करणारा) इथेही लावा, विशेषतः चिलरला. फेज गेल्याची वेळ वहीत लिहा, कारण महावितरणकडे तक्रार करताना तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

८. सीआयपी हीसुद्धा कामगिरीच

चार आकडे: तीव्रता, तापमान, मिनिटं, परतणारा प्रवाह. प्रवाह कमी असला तर स्प्रे बॉलची (टाकीत वरून फवारणाऱ्या गोळ्याची) भोकं चोंदली आहेत, आणि मग कॉस्टिक कितीही गरम असो, टाकीचा वरचा भाग कोरडाच राहतो.

दोन धोके मात्र ठळक अक्षरांत. टाकीत कार्बन डायऑक्साइड असताना कॉस्टिक सोडू नका: कॉस्टिक तो शोषून घेतं, त्याची ताकद जाते आणि बंद टाकीत निर्वात होऊन पत्रा आत चेपू शकतो. गरम टाकी बंद ठेवून गार पाणी मारलं तरी तेच होतं. आणि रिकाम्या दिसणाऱ्या फर्मेंटरमध्ये डोकं घालू नका. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो आणि माणूस हाक मारायच्या आत पडतो. तळघरात टाक्या असतील तर वायूचा अलार्म ही चैन नाही.

९. शनिवारचा अर्धा तास

आलेखाचा कागद, भिंतीवर चार रेघा: थंड करायची मिनिटं, गाळायची मिनिटं, उतारा, चिलरचे रोजचे तास. आकडा वहीत असला की तो आकडाच राहतो. भिंतीवर तो चढताना दिसतो आणि जाता-येता सगळ्यांना दिसतो. निरोगी दिवसापासून १०% सरकला की पाहायचं, २०% सरकला की पुढची ब्रू लावायच्या आधी दुरुस्त करायचं. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नाही.

मोठ्या कारखान्यांत यंत्राची उपलब्धता, वेग आणि दर्जा यांचा गुणाकार करून एकच टक्केवारी काढतात. आठवड्याला दोन ब्रू करणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. तुमची केटल आठवड्यातले पाच दिवस उभीच असते, त्या टक्केवारीतून काय कळणार? पाण्याचा आकडा मात्र ठेवा. मोठे कारखाने एक लिटर बिअरमागे तीन-चार लिटर पाण्यात भागवतात, आपल्यासारख्यांना सात ते दहा लागतं. अचानक बारा झालं तर कुठेतरी व्हॉल्व्ह गळतोय.

१०. लोक आकडे ठोकून देतात, तेव्हा

मॅश ६७.०, ६७.०, ६७.०, सलग नऊ ब्रू. असं पान दिसलं की समजा, पान संध्याकाळी एका बैठकीत भरलंय. ओरडलात तर पुढच्या वेळी ६६.८ आणि ६७.१ असं चतुराईने भरतील. त्यापेक्षा वही यंत्राजवळ टांगा, रकाने कमी करा, आणि एखाद्या नोंदीमुळे बिघाड आधी कळला तर त्या माणसाचं नाव घेऊन सगळ्यांसमोर सांगा. वाईट आकड्यावर कुणाला बोलणी बसली की त्या दिवसापासून सगळे आकडे चांगले येतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पॅनलचा फोटो टाकणं म्हणजे नोंद नव्हे. तीन महिन्यांनी तो वाढदिवसाच्या केकखाली सापडत नाही.

एक्सेल आणि सेन्सर तीन महिन्यांनंतर, वहीत सातत्य आल्यावर. पहिले पैसे एक्स्चेंजरच्या मधल्या थर्मामीटरवर आणि चिलरच्या तासमापकावर घाला, मग नोंदी क्लाउडवर साठवणाऱ्या प्रणालींचे विक्रेते चहाला बोलवा.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर सुट्या भागांची यादी करा: प्रत्येक जातीच्या पंपाचं एक सील, सोलेनॉइडची एक कॉइल, एक कॉन्टॅक्टर, एक प्रोब, ट्राय-क्लॅम्पच्या गास्केट्स डझनभर, एक्स्चेंजरच्या गास्केट्सचा संच. कोणता भाग कुठल्या दुकानात मिळाला आणि किती दिवसांत आला, तेही पुढे लिहा. आमच्या यादीत चिलरच्या एका गास्केटपुढे "दिवाळीत २३ दिवस" असं लिहिलंय, म्हणून ती आता सप्टेंबरातच मागवतो.